पायांचे आरोग्य आणि बॅडमिंटन

'पायाची वहाण पायीच बरी' ही म्हण आपण सर्वांनीच ऐकलेली आहे. वरवर पाहता ती वहाणेविषयी बोलते. प्रत्यक्षात तिचा रोख माणसांवर असतो. ज्याचे स्थान एकदा खाली ठरविले, त्याने कायम खालीच राहावे, असा तिचा अर्थ. पुरुषसूक्ताने शूद्राची उत्पत्ती पायांपासून सांगितली आणि मस्तक श्रेष्ठ, पाय कनिष्ठ ही समजूत धर्माच्या आधाराने रुजविली. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या आपल्या ग्रंथात या सूक्ताची कठोर चिकित्सा केली आहे.

शरीरशास्त्राला मात्र अशी उतरंड ठाऊक नाही. मेंदूला रक्त पोहोचावे म्हणून पोटरीला काम करावे लागते आणि पायाचे पाऊल नीट पडावे म्हणून मेंदूला क्षणोक्षणी हिशेब ठेवावा लागतो. शरीरात कोणी मालक नाही आणि कोणी चाकर नाही. असे असूनही आपण डोळे तपासतो, दात तपासतो, रक्तदाब मोजतो. पायांकडे मात्र ते दुखू लागल्याखेरीज पाहत नाही. शाळेच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव एकत्र येतात, म्हणून हा विषय येथे मांडावासा वाटला. बॅडमिंटनसारख्या खेळाने पायांना आणि तळपायांना नेमका कोणता लाभ होतो, तो कसा होतो आणि तो पदरात पाडून घेताना कोणती काळजी घ्यावी, याचे विवेचन पुढे केले आहे.

श्रमाचे पाय आणि बैठे पाय

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पायांना व्यायाम शिकविण्याची गरज नव्हती. गावकीची कामे, दूरच्या गावी सांगावा पोहोचविणे, मोळ्या वाहणे, गिरणीत पाळी करणे, रस्त्यावर खडी फोडणे यांत त्यांचे आयुष्य सरले. ते श्रम सक्तीचे होते आणि त्या श्रमांत विश्रांतीला जागा नव्हती. अनेक गावांत वरिष्ठ म्हणविणाऱ्यांच्या वाड्यावरून जाताना वहाणा पायांतून काढून हातात घ्याव्या लागत. त्या काळचे अनवाणी पाऊल ही कोणाची आवड नव्हती. तळपायांच्या भेगा, कुरूपे, रुतलेले काटे आणि उतारवयातले गुडघे हे त्या पिढीचे न लिहिलेले दप्तर होय. आणि याच पायांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या सभेच्या मंडपातून चवदार तळ्यापर्यंतची वाट तुडविली. ते अंतर फार मोठे नव्हते. त्याचा अर्थ मात्र मोठा होता.

शिक्षणाने ती सक्ती संपविली. आज आपली मुले कार्यालयांत, बँकांत, शाळांत, संगणकासमोर बसून काम करतात. ही आनंदाची आणि अभिमानाची गोष्ट आहे. तथापि एक बाब आपल्या लक्षात आली नाही. सक्तीचे श्रम गेले, त्यांची जागा स्वेच्छेच्या व्यायामाने घेतली नाही. घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत दुचाकी, दिवसभर खुर्ची, संध्याकाळी दूरदर्शन किंवा मोबाईल, असा दिनक्रम झाला. पूर्वी स्वयंपाक, धुणे, जेवण यांसाठी उकिडवे किंवा मांडी घालून बसणे होई आणि त्यामुळे घोटा व गुडघा पूर्ण वाकत असे; तेही आता कमी झाले. एका पिढीचे पाय अतिश्रमाने झिजले आणि दुसऱ्या पिढीचे पाय न वापरल्याने दुबळे होत आहेत. या दोन टोकांच्या मध्ये जी जागा आहे, ती खेळाची आहे.

पुण्यात घडलेला खेळ

पिसांचे फूल हाताने, पायाने किंवा फळीने उडवत ठेवण्याचे खेळ आशियात व युरोपात फार जुने आहेत. तथापि मध्ये जाळे बांधून, मैदान आखून खेळावयाच्या आजच्या बॅडमिंटनचा आपल्या महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि १८७३ च्या सुमारास तेथेच त्याचे आरंभीचे नियम तयार झाले, असे मानले जाते. काही काळ हा खेळ 'पूना' या नावानेही ओळखला गेला. पुढे इंग्लंडमधील ब्यूफर्टच्या ड्यूकच्या 'बॅडमिंटन हाऊस' या प्रासादावरून त्याला आजचे नाव मिळाले. १८९३ साली इंग्लंडमध्ये त्याची संघटना स्थापन झाली, १८९९ साली ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये या खेळाला पदकाचा दर्जा मिळाला.

ज्या पुण्यात हे नियम घडले, त्या पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबांत आपल्या माणसांना प्रवेश मिळे तो मैदान झाडण्यासाठी, खेळपट्टीवर रूळ फिरविण्यासाठी. चर्मकार समाजात जन्मलेले थोर क्रिकेटपटू बाळू पालवणकर यांची उमेदवारी अशाच क्लबांच्या मैदानांवर झाली. पुढे ते गोलंदाज म्हणून देशभर गाजले, १९११ साली भारतीय संघासोबत इंग्लंडला गेले. पण आरंभीच्या काळात स्वतःच्या संघातील हिंदू सहकाऱ्यांपासून वेगळे बसून, वेगळ्या मातीच्या भांड्यात त्यांना चहा घ्यावा लागे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे विसरू नये. खेळ हा कोणाचा फावल्या वेळेचा विलास होता आणि त्या विलासासाठी मैदान कोण तयार करीत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे आज निवासी शाळेच्या अंगणात जाळे बांधून आपल्या मुली आणि मुले फूल उडवितात, याचे मोल कळते.

या खेळाला फार जागा लागत नाही, ही त्याची आणखी एक जमेची बाजू. एकेरी सामन्यात एका खेळाडूच्या वाट्याला जाळ्यापासून मागे सुमारे २२ फूट लांब आणि १७ फूट रुंद एवढेच क्षेत्र येते. परंतु या लहानशा चौकोनात त्याला पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, तिरपे आणि वर अशा सर्व दिशांना सतत हालावे लागते. धावण्याच्या शर्यतीत पाय एकाच दिशेने जातात. येथे दर दोन-तीन क्षणांनी दिशा बदलते. पायांना मिळणारा लाभ मुख्यतः या एका वैशिष्ट्यातून उगम पावतो.

पावलाची रचना

प्रत्येक पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२ हाडे होतात. प्रौढ शरीरातील एकूण २०६ हाडांपैकी हा जवळजवळ चौथा हिस्सा आहे. ही हाडे सपाट रचलेली नसून त्यांची कमान झालेली असते. लेण्यातील चैत्यगृहाचे छत आठवावे. तशी कमान प्रत्येक पावलाखाली आहे. मात्र दगडी कमान हालत नाही. पावलाची कमान भार पडताच किंचित दबते आणि भार उतरताच पुन्हा उभी राहते. टाचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत गेलेला एक चिवट पट्टा आणि तळपायातील लहान लहान स्नायू तिला ताणून धरतात.

टाचेच्या मागे शरीरातील सर्वांत जाड आणि बळकट कंडरा आहे. पोटरीचे स्नायू तिच्याद्वारे टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. आपण चवड्यांवर उभे राहतो, उडी मारतो किंवा पाऊल पुढे ढकलतो, तेव्हा ही कंडरा ताणलेल्या रबरासारखी शक्ती साठविते आणि परत देते. घोट्याच्या दोन्ही बाजूंस असलेले अस्थिबंध पाऊल मुरगळू नये म्हणून पहारा करतात. ही सर्व यंत्रणा वापराने बळकट होते आणि वापराविना शिथिल पडते.

खेळताना पायांत काय घडते?

पहिला लाभ रक्ताभिसरणाचा. हृदय रक्त पायांपर्यंत ढकलते. पण तेच रक्त गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध पुन्हा वर नेण्याचे काम बव्हंशी पोटरी करते. पोटरीचा स्नायू आवळला की आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकते आणि शिरांमधील झडपा ते खाली उतरू देत नाहीत. म्हणूनच वैद्यकात पोटरीला दुसरे हृदय म्हणण्याचा प्रघात आहे. जो मनुष्य तासन्तास एका जागी बसतो किंवा उभा राहतो, त्याचा हा पंप बंद असतो. संध्याकाळी पाय जड होतात, घोट्यांवर सूज येते. बॅडमिंटनमध्ये खेळाडू बहुतेक वेळ चवड्यांवर असतो. प्रतिस्पर्धी फूल मारण्याच्या क्षणी तो एक लहानशी उडी घेऊन दोन्ही पाय किंचित फाकवून सज्ज होतो आणि मग हव्या त्या दिशेला झेपावतो. अशी प्रत्येक हालचाल म्हणजे पोटरीच्या पंपाचा एक दाब होय.

दुसरा लाभ हाडांचा. हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. त्यावर जसा भार पडतो तसे ते स्वतःची बांधणी करते. सौम्य आणि एकसारख्या भारापेक्षा उडी, अचानक थांबणे, दिशा बदलणे यांतून येणारा जोरकस आणि निरनिराळ्या बाजूंनी पडणारा भार हाडांना अधिक चेतना देतो. स्वीडनमधील संशोधकांनी किशोरवयीन मुलांची तपासणी केली, तेव्हा बर्फावरील हॉकी खेळणाऱ्यांपेक्षा बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलांच्या मांडीच्या हाडाच्या वरच्या भागाची घनता अधिक आढळली. हॉकीपटूंचा आठवड्याचा सराव अधिक असूनही हा फरक दिसला. बर्फावर पाय घसरत जातो. लाकडी मैदानावर तो आपटतो आणि उसळतो, हे त्यामागील एक कारण असावे.

तिसरा लाभ तोलाचा. आपले पाऊल जमिनीवर कसे टेकले आहे, घोटा किती कलला आहे, याची वार्ता पावलातील व सांध्यांतील संवेदक मेंदूला सतत कळवीत असतात. डोळे मिटूनही आपण उभे राहू शकतो ते यामुळे. डोळे फुलाकडे, हात रॅकेटकडे आणि पाय आपले आपण जागा शोधत आहेत, असा सराव या खेळात घडतो. त्यामुळे ही वार्ता वाहणारी यंत्रणा तरतरीत राहते. तरुणपणी याचा उपयोग चपळाईसाठी होतो. साठीनंतर तोच उपयोग ओल्या न्हाणीघरात किंवा जिन्यावर तोल सावरण्यासाठी होतो.

चौथा लाभ मांडी व गुडघ्याचा. जाळ्याजवळ पडणारे फूल उचलण्यासाठी खेळाडू एक लांब पाऊल टाकून गुडघा वाकवितो आणि लगेच मागे परततो. या हालचालीत मांडीचे पुढचे व मागचे स्नायू आणि नितंबाचे स्नायू एकत्र काम करतात. हे स्नायू भक्कम असतील तर गुडघ्याच्या कूर्चेवर येणारा ताण ते वाटून घेतात.

या साऱ्याचा परिणाम पायांपुरता मर्यादित राहत नाही. इंग्लंड व स्कॉटलंडमधील ८०,३०६ प्रौढांच्या माहितीचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. टेनिस, बॅडमिंटन, स्क्वॉश यांसारखे रॅकेटचे खेळ खेळणाऱ्यांमध्ये, असे खेळ न खेळणाऱ्यांच्या तुलनेत, अभ्यासकाळात मृत्यू येण्याचा धोका ४७ टक्क्यांनी कमी आढळला. असे खेळ खेळणारे लोक मुळातच अधिक निरोगी किंवा सुस्थितीतील असू शकतात, म्हणून हा सारा परिणाम एकट्या खेळाचा असे म्हणणे विवेकाला धरून होणार नाही. तरीही हा आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

मुलींच्या पायांचा प्रश्न

हाडांच्या संदर्भात एक गोष्ट पालकांनी विशेष ध्यानी घ्यावी. आयुष्यभर पुरणारी हाडांची पुंजी मुख्यतः बालपणी आणि किशोरवयात साठते. विशीच्या अखेरीस तिची वाढ थांबते. पुढे फक्त खर्च असतो. स्त्रियांमध्ये मासिक पाळी बंद झाल्यानंतर हा खर्च वेगाने वाढतो आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका पुरुषांपेक्षा अधिक असतो. म्हणजे ज्यांना या पुंजीची सर्वाधिक गरज, त्यांनी ती साठविण्याच्या वयात सर्वाधिक खेळले पाहिजे.

घडते मात्र उलट. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिचे मैदान सुटते. 'आता मोठी झालीस, घरी आईला हातभार लाव' असे सांगितले जाते. मुलगा त्याच वयात अधिक जोमाने खेळू लागतो. पालक म्हणतील, मुलगी घरात काम करते, तो व्यायामच नव्हे काय? पाणी भरणे, धुणे, भाकऱ्या थापणे हे श्रम निश्चितच आहेत. परंतु त्यांत उडी नाही, धाव नाही, दिशाबदल नाही आणि मोकळे हसणेही नाही. ज्या समाजाने सावित्रीबाई फुले यांच्यापासून मुलींच्या शिक्षणाचा वारसा घेतला, त्याने मुलींना वर्ग दिला आणि मैदान नाकारले, तर तो वारसा अर्धाच राहील.

मुंबईत वाढलेल्या मानसी जोशी यांचे उदाहरण मुलींना आवर्जून सांगावे. २०११ साली रस्ते अपघातात त्यांना डावा पाय गमवावा लागला. कृत्रिम पायावर उभे राहून त्यांनी बॅडमिंटनचा सराव केला आणि २०१९ साली बासेल येथे पॅरा बॅडमिंटनच्या जागतिक स्पर्धेत एकेरीचे सुवर्णपदक मिळविले. पाय असणे ही केवळ देणगी नसून तो घडवावा लागतो, हे त्यांच्या जिद्दीवरून उमगते. महाराष्ट्राला या खेळाची परंपराही आहे. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर यांनी १९५६ साली मलायातील स्पर्धा जिंकली. आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू होत.

सोण स्थविराची कथा आणि मध्यम मार्ग

खेळाचे गुण सांगताना त्याचे धोके झाकणे योग्य नव्हे. या संदर्भात विनयपिटकाच्या महावग्गातील सोण कोळिवीस याची कथा मार्गदर्शक आहे. चंपा नगरीतील श्रीमंत श्रेष्ठीचा हा पुत्र इतक्या लाडात वाढला होता की त्याच्या कोमल तळपायांवर केस उगवले होते आणि राजा बिंबिसाराने ते पाहण्यासाठी त्याला बोलावून घेतले होते. पुढे तो भिक्खू झाला. राजगृहाजवळील सीतवनात त्याने चंक्रमण, म्हणजे येरझारा घालीत ध्यान करण्याचा अभ्यास, इतक्या अट्टहासाने केला की त्याचे पाय फुटले आणि चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. तेव्हा तथागतांनी त्याला वीणेचा दृष्टांत दिला. तारा अति ताणल्या तर वीणा वाजत नाही, सैल सोडल्या तरी वाजत नाही. प्रयत्नही असाच समतोल हवा. त्यानंतर तथागतांनी त्याला एकपदरी वहाणा वापरण्याची अनुमती दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेण्यास नकार दिला. संघाला मिळत असेल तरच मीही घेईन, असे त्याचे म्हणणे होते. मग साऱ्या संघाला ती अनुमती मिळाली.

या कथेत पायांच्या आरोग्याचे तीन धडे आहेत. ज्या पायांना सवय नाही, त्यांवर एकदम भार टाकू नये. पायांना संरक्षण देणे हा चैनीचा विषय नाही. आणि ते संरक्षण एकाला मिळून भागत नाही, सर्वांना मिळाले पाहिजे. चंक्रमणाचा अतिरेक तथागतांनी थांबविला, चंक्रमण नव्हे. अंगुत्तर निकायात त्यांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले असून त्यांत लांबच्या प्रवासाची क्षमता, निरोगीपणा आणि अन्नाचे नीट पचन यांचा समावेश आहे.

बॅडमिंटनमध्ये सोणासारखी चूक बहुधा चाळिशीनंतर होते. अनेक वर्षे खेळापासून दूर राहिलेला गृहस्थ एखाद्या स्नेहसंमेलनात उत्साहाने मैदानात उतरतो, अंग न तापविता मागे झेप घेतो आणि टाचेमागची कंडरा तुटते. कोणीतरी मागून लाथ मारल्यासारखे वाटते, कधी 'फट्' असा आवाज येतो आणि त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही. असे झाल्यास मालीश किंवा घरगुती लेप यांत वेळ न दवडता त्वरित अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. दुसरी नेहमीची इजा घोटा मुरगळण्याची. अशा वेळी खेळ थांबवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा, पाय उंचावर ठेवावा. पायावर भार देता येत नसेल तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. वाढत्या वयातील मुलाची टाच वारंवार दुखत असेल, तर 'नाटक करतो' असे न म्हणता काही दिवस उड्या बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

काही व्यवहार्य सूचना

१) खेळण्यापूर्वी दहा मिनिटे अंग तापवावे. संथ धाव, घोटे गोल फिरविणे, भिंतीला हात टेकून पोटरी ताणणे एवढे पुरेसे आहे.

२) आठवड्यातून दोन-तीन दिवस पायऱ्यांच्या कडेला किंवा जमिनीवर टाचा सावकाश उचलून खाली टेकण्याचा व्यायाम करावा. दात घासताना आळीपाळीने एकेका पायावर उभे राहावे. जमिनीवर पंचा पसरून तो पायाच्या बोटांनी ओढावा. यामुळे तळपायाच्या कमानीचे स्नायू बळकट होतात.

३) या खेळात रॅकेट धरणाऱ्या हाताच्या बाजूचा पायच बहुतेक वेळा पुढे पडतो. म्हणून व्यायाम करताना दोन्ही पायांना सारखे काम द्यावे.

४) बूट खालून सपाट, रबरी तळव्याचे आणि न घसरणारे असावेत. धावण्यासाठीच्या जाड, उंच टाचेच्या बुटांनी बाजूला झेपावताना पाऊल कलंडते. बूट महाग असण्याची गरज नाही. मापाचा असणे आवश्यक आहे. 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून मोठा बूट आणि 'अजून फाटला नाही' म्हणून लहान झालेला बूट, दोन्ही पायांना सारखेच अपायकारक.

५) मातीवर मुलांनी अनवाणी बागडण्यास हरकत नाही. सिमेंटच्या कोब्यावर मात्र अनवाणी उड्या मारू नयेत.

६) खेळून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. मोजे रोज धुवावेत. वसतिगृहात पावसाळ्यात चिखल्या एकाकडून दुसऱ्याकडे पसरतात. म्हणून एकमेकांचे मोजे व पंचे वापरू नयेत.

७) मधुमेह असलेल्यांनी अधिक सावध राहावे. या आजारात तळपायांची संवेदना मंदावते, बुटातील खडा टोचलेलाही कळत नाही आणि लहान जखम चिघळू शकते. अशा व्यक्तींनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच खेळ सुरू करावा, कधीही अनवाणी खेळू नये आणि रोज रात्री तळपाय उजेडात न्याहाळावेत. हृदयविकार किंवा गुडघ्यांचा जुना त्रास असलेल्यांनीही आधी तपासणी करून घ्यावी. साठीनंतर दुहेरी खेळ, मंद गतीने, हा उत्तम पर्याय आहे.

८) आहारात नाचणी, तीळ, दूध, पालेभाज्या असाव्यात आणि अंगाला कोवळे ऊन लागावे. हाडे नुसत्या खेळाने घडत नाहीत.

पालक आणि माजी विद्यार्थी यांना

खेळामुळे अभ्यास बुडतो, ही पालकांची चिंता मला परकी नाही. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन मूल निवासी शाळेत ठेवले, त्यांना त्याच्या प्रत्येक तासाचा हिशेब मागण्याचा अधिकार आहे. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, सायंकाळचा एक तास मैदानावर गेलेले मूल रात्री अभ्यासिकेत अधिक स्थिर बसते, हे शिक्षक म्हणून माझ्या नित्य पाहण्यात आहे. बाबासाहेबांनी आपल्याला शिकण्याचा मंत्र दिला. शिकलेली मुले पन्नाशीत जिना चढताना धापा टाकू लागली, तर त्या शिक्षणाचा लाभ समाजाला पुरेसा मिळणार नाही.

माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. स्नेहसंमेलनासाठी आपण शाळेत येता, विहारात वंदना घेता, जुन्या खोल्या पाहता. यापुढे येताना पायांत योग्य बूट घालून या, दहा मिनिटे अंग तापवा आणि विद्यार्थ्यांसोबत एक डाव खेळा. शक्य असेल त्यांनी एखादे जाळे, फुलांचा एखादा डबा आणि विशेषतः लहान-मोठ्या मापांच्या बुटांचे काही जोड शाळेला द्यावेत. सोण स्थविराने वहाण एकट्यासाठी घेतली नाही. आपल्यापैकी ज्यांच्या पायांत चांगले बूट आले आहेत, त्यांनी मैदानावरच्या शेवटच्या मुलीच्या पायांकडेही पाहावे, एवढीच या लेखाची अपेक्षा.

जय भीम! नमो बुद्धाय!